चिवड्याच्या पाकिटाचं बस्कर: भंगारवाला घेत नाही त्या प्लास्टिकचं घरी काय करता येतं

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आली. स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, पेले, मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची फिल्म, सजावटीचं थर्माकोल हे सगळं त्यात आलं. आपल्याकडे तर राज्याची बंदी २०१८ च्या मार्चपासूनच होती. तरीही आठवड्याभराचा सुका कचरा ओट्यावर पसरून बघा. बिस्किटांचे पुडे, चिवड्याची पाकिटं, नूडल्सची वेष्टनं, कुरिअरच्या पिशव्या, नाशिकच्या मेन रोडवरून साडी आणली तर तिची पारदर्शक पिशवी, मिसळ पार्सल आणली तर तर्रीची पातळ थैली. यातलं बरंचसं बंदीच्या यादीत नाहीच. ते घरात येत राहणार.

त्यातलं काय घरी वापरायचं आणि काय नाही, हे ठरवताना मी दोनच प्रश्न विचारते. पहिला: याला भंगारात भाव आहे का? असेल तर सरळ भंगारवाल्याला द्यावं. पाण्याच्या बाटल्या, शाम्पूचे डबे, तेलाचे कॅन, दुधाच्या पिशव्या यांना गिऱ्हाईक आहे, आणि कारखान्यात त्यांचं जे होतं ते आपल्या कात्रीने होणाऱ्या कामापेक्षा कितीतरी चांगलं असतं. बाटली कापून तिचं पेनस्टँड केलं की एक चांगला माल साखळीतून कायमचा बाहेर पडतो. दुसरा प्रश्न: जी वस्तू बनवणार, ती एरवी मी विकत आणली असती का? नसेल, तर ती वस्तू चार महिन्यांनी घंटागाडीतच जाणार, फक्त मध्ये गोंद आणि रंग वाया जाणार. प्लास्टिकच्या फुलांचे गुच्छ आणि झुंबरं या चाळणीत गळून पडतात, आणि पडावीतच.

उरतात पायपुसणी, बस्करं, भाजीच्या पिशव्या, कपाटाच्या फळीवर घालायचे कागद आणि फार तर एखादं लोड. हा लेख मुख्यतः त्यातल्या दोन गोष्टींचा आहे: मागावर विणलेलं बस्कर आणि इस्त्रीने जोडलेल्या प्लास्टिकच्या कापडाची पिशवी.

आधी ओळख पटवा

बाटल्यांवर त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो, पण पाकिटांवर तो क्वचितच दिसतो. म्हणून हाताने आणि कानाने ओळखायला शिकावं लागतं.

पिशवीचा एक कोपरा दोन अंगठ्यांत धरून हळू ताणा. फाटायच्या आधी ती लांबली, पांढुरकी पडली, तर ते पॉलिथिन. कुरिअरची पिशवी, दुधाची पिशवी, मऊ पारदर्शक पिशव्या या गटात येतात. पॉलिथिन साधारण १०५ ते १३० अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे ते इस्त्रीने जोडता येतं.

मुठीत चुरगळलं की कुरकुर वाजतं आणि सोडलं की पुन्हा उलगडतं, ते बहुतेक पॉलिप्रॉपिलिन किंवा अनेक थरांचं पाकीट. चिवडा, वेफर्स, बिस्किटं यातच येतात. आतली चांदी म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. हे थर वेगळे करणं अवघड, म्हणूनच भंगारात यांना कुणी विचारत नाही. यांना इस्त्री अजिबात लावायची नाही. हे विणायचं.

तिसरा गट टाळायचा: पीव्हीसी. जुन्या टेबलक्लॉथचं रेक्झिन, काही चादरींच्या जाड चेनवाल्या पिशव्या, फ्लेक्सचे बॅनर. शंका असेल तर छोटा तुकडा भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. साबणामुळे तुकड्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन वर तरंगतं, पीव्हीसी तळाशी जातं. बुडालेल्या तुकड्याला उष्णता द्यायची नाही, मग तो कशाचाही असो. पीव्हीसी तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, घसा आणि डोळे चुरचुरतात.

औषध फवारणीच्या पुड्या आणि बाटल्या घरकामाला कधीही वापरू नका. नाशिकमध्ये हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण निम्म्या घरांचं कुणी ना कुणी द्राक्षबागेत असतं आणि तिथल्या जाड, चकचकीत पुड्या बघून मोह होतो. कितीही धुतल्या तरी त्या पिशवीच्या कामाच्या नाहीत. डायपर, सलाईनच्या नळ्या, दवाखान्याचं काहीही, तेही नको.

धुणं आणि वाळवणं, खरं काम हेच

पाकीट फाडायची पद्धत आधी बदला. वरून ओरबाडून फाडलं की पुढे पट्ट्या निघत नाहीत. कात्रीने वरची कड सरळ कापा. रिकामं झालं की पाठीमागचा उभा जोड आणि खालची कड कापून पाकीट वहीच्या पानासारखं उघडा. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तो चिमुकला त्रिकोण पूर्ण सुटू देऊ नका, पिशवीलाच लटकता ठेवा. सुटलेला तुकडा मोरीतून गटारात जातो आणि तिथून पुढे गोदावरीत. असला तुकडा कुणी वेचत नाही.

धुण्यासाठी वेगळं पाणी घेऊ नका. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी बादलीत उरतंच, त्यात पाकिटं अर्धा तास बुडवून ठेवा. चिवड्याचं तेल चिवट असतं. त्यासाठी कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घाला आणि चांदीची बाजू जुन्या मोज्याने पुसा. घासणी वापरलीत तर चांदी निघून पाण्यात जाते. एक मात्र सांगते, तर्रीच्या थैलीच्या नादी लागू नका. लाल तेल निघता निघत नाही, थैली पातळ असते आणि ती स्वच्छ करायला जेवढं गरम पाणी लागतं तेवढ्यात काहीच परवडत नाही. मिसळ आणायला घरून डबा न्यावा.

वाळवताना दोरीवर चिमट्याने एकेक टांगा, सावलीत. उन्हाळ्यात तासाभरात वाळतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पंख्याखाली रात्रभर ठेवलं तरी घडीत ओल राहते, आणि त्या ओलीला आठवड्यात कुबट वास सुटतो. पावसाळ्यात फक्त धुऊन, घडी न घालता साठवावं, कापाकापी दिवाळीनंतर करावी. फराळाची पाकिटंही तेव्हाच जमतात.

बस्कर विणण्यासाठी साहित्य

- मजबूत लाकडी चौकट, आतून साधारण ४५ बाय ४५ सेंटीमीटर. जुन्या फोटोची जाड चौकट चालते. बारीक पट्टीची नको, ताण आला की ती वाकते.
- पाऊण इंची बारीक खिळे, ८०-८५.
- ताण्यासाठी, म्हणजे चौकटीवर उभे ताणून बसवायच्या दोऱ्यांसाठी, जाड सुती दोरा, २५ मीटर. बागेत वेली बांधायची प्लास्टिकची सुतळी घरात पडलेली असेल तर तीही चालते, फक्त गाठ जरा सरकते.
- ४० सेंटीमीटरहून लांब सपाट मोजपट्टी, जाड दातांचा कंगवा, दाभण, धारदार कात्री.
- उघडल्यावर साधारण ३५ बाय ४५ सेंटीमीटर होणारी पाकिटं, आठ ते दहा. बिस्किटांचे पुडे लहान असतात, ते मध्ये मध्ये रंगासाठी.

हिशोब असा. एक ओळ ठोकून झाली की सुमारे अर्धा सेंटीमीटर जागा घेते. ४० सेंटीमीटर लांबीला ८० ओळी, प्रत्येक ओळ ४० सेंटीमीटरची, म्हणजे ३२ मीटर. वळणात जाणारं धरून ३५ मीटर पट्टी हवी. वर सांगितलेल्या एका पाकिटातून ३ सेंटीमीटर रुंदीच्या अकरा पट्ट्या निघतात, जोडात जाणारं वजा करून साडेचार मीटर. आठ पाकिटं पुरतात, दोन जास्तीची ठेवावीत.

चौकट ते बस्कर

चौकटीच्या वरच्या आणि खालच्या बाजूला दर सेंटीमीटरला एक खिळा ठोका. खिळे किंचित बाहेरच्या बाजूला कललेले असू द्या, दोरा निसटत नाही. लाकूड तडकू नये म्हणून खिळे एका रेषेत न ठोकता एक पुढे, एक मागे असे ठोका.

पहिल्या खिळ्याला दोरा बांधून खालच्या खिळ्याला वळसा, पुन्हा वर, असा ताणा भरा. ताण सगळीकडे सारखा हवा. बोटाने छेडलं की प्रत्येक दोऱ्याने थोडं तरी दाद द्यावी, कुठलाही लोंबता राहू नये. येवल्याच्या हातमागावर ताणा बसवायलाच किती वेळ घालवतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ताणा सैल राहिला तर पुढे कितीही नीट विणा, बस्कराला पोट येतं.

पट्ट्या कापताना पाकीट लांबीच्या दिशेने घ्या. कात्री मध्येच थांबवू नका. या प्लास्टिकला कडेला लहानशी चीर पडली की पुढे ते नुसत्या ओढीने टरकन फाटतं. जिथे कात्री थांबते तिथेच ती चीर पडते. कापलेली पट्टी लांबीत तीन पदरी दुमडा, कापलेल्या दोन्ही कडा आत. आता हीच पट्टी ओढून बघा, फाटत नाही. बाहेर चांदी ठेवायची की छापील बाजू, ही आवड. मी चांदी आत ठेवते, कारण पाय घासून ती हळूहळू निघते.

पहिल्या चार ओळी दोऱ्याच्याच विणा, म्हणजे कड पक्की होते. मग मोजपट्टी एकाआड एक दोऱ्याखालून सरकवा आणि कडेवर उभी करा. निम्मे दोरे एकदम वर उचलले जातात आणि मधून पोकळी तयार होते. त्यातून प्लास्टिकची पट्टी सरळ पलीकडे जाते. मोजपट्टी आडवी पाडा, ओळ कंगव्याने खाली ठोका. परतीच्या ओळीत उलटे दोरे उचलायचे असतात, ते दाभणाने एकेक करून. म्हणजे एक ओळ झटपट, एक सावकाश.

नवशिक्यांचं बस्कर मध्यात निमुळतं होतं, डमरूसारखं. कारण ओळ टाकताना पट्टी ओढली जाते आणि दोन्ही कडांचे दोरे आत येतात. उपाय सोपा आहे. पट्टी सरळ न टाकता मध्ये कमान ठेवून टाका, मग कंगव्याने मधून सुरुवात करून दोन्हीकडे ठोकत जा. ती कमान ताण्याच्या वर-खाली जाण्यात मुरते. दर दहा ओळींनी रुंदी मोजपट्टीने मोजा.

पट्टी संपली की गाठ मारायची नाही. नवीन पट्टीचं टोक जुन्यावर तीन सेंटीमीटर ठेवून दोन्ही एकत्र विणून टाका. जोड कडेला येऊ देऊ नका.

शेवटी पुन्हा चार ओळी दोऱ्याच्या. खिळ्यांवरून फासे काढा, दोन-दोन फासे एकमेकांना बांधा आणि दोन्ही टोकांना जुन्या साडीचा काठ दुमडून शिवा. काठ नुसता शोभेचा नाही. विणकाम तिथूनच उसवायला लागतं, तेव्हा तो हवाच. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून काम केलं तर दोन आठवड्यांत आरामात होतं. पाऊस-पाण्यात बाल्कनीत बसायला, दाराशी पाय पुसायला, देवळाच्या आवारात किंवा घाटावर टेकायला हे बस्कर फार कामाचं, ओलं झालं तरी झटकलं की कोरडं.

इस्त्रीचं कापड आणि भाजीची पिशवी

हे फक्त पॉलिथिनचं. कुरिअरच्या पिशव्या याला उत्तम, कारण त्यांना भंगारात फारसं कुणी घेत नाही आणि त्या आधीच चिवट असतात. त्यावरचा पत्त्याचा कागद आणि डिंकाची पट्टी पूर्ण कापून टाका. नाव-पत्ता-मोबाईल नंबर असलेला कागद बारीक फाडून टाकावा, हे ओघाने आलंच.

खिडक्या उघडा, पंखा बाहेरच्या दिशेला ठेवा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. टेबलावर जुनी चादर चौपदरी, त्यावर बटर पेपर (केकचं सामान मिळतं त्या दुकानात असतो), त्यावर पिशव्यांचे थर. कुरिअरच्या पिशवीचे तीन-चार थर, पातळ पारदर्शक पिशव्या असतील तर सहा ते आठ. छपाई आतल्या बाजूला आणि सर्वांत वर एक कोरा थर. नाहीतर शाई सुटून कागदाला लागते. वर पुन्हा बटर पेपर.

इस्त्रीवर ठिपके असतात: एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश, दोन म्हणजे १५०. काटा या दोहोंच्या मध्ये ठेवा, वाफ बंद. इस्त्री एका जागी न ठेवता मध्यातून कडेकडे सावकाश फिरवा, पंधरा-वीस सेकंद. कागदासकट उलटा करून दुसरी बाजू. मग निवू द्या आणि निवल्यावरच कागद सोला. थर नखाने सुटत असतील तर आणखी एकदा फिरवा. भोकं पडली तर उष्णता जास्त झाली. धूर दिसला किंवा उग्र वास आला तर इस्त्री लगेच उचला आणि तो गठ्ठा बाजूला टाका, त्यात काहीतरी भलतं मिसळलेलं आहे.

कापड आकसतं, आणि सगळीकडे सारखं आकसत नाही. म्हणून पिशवीचे तुकडे आधी कापू नका. मोठे तक्ते करून घ्या, मग त्यातून कापा. पिशवीसाठी ४० बाय ४५ सेंटीमीटरचे दोन तुकडे आणि बंदांसाठी ८ बाय ६० च्या दोन पट्ट्या पुरतात. बंदाची पट्टी चार पदरी दुमडून शिवायची.

शिवताना तीन गोष्टी. टाका लांब, ४ मिलीमीटर. बारीक टाके घातले तर तिकिटाच्या भोकांसारखी ओळ तयार होते आणि पिशवी तिथेच फाटते. टाचण्यांऐवजी कपड्यांचे चिमटे लावा, कारण टाचणीचं भोक बुजत नाही. मशीनचा पाय चिकटत असेल तर वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा, नंतर ती फाडून काढता येते. सुई १६ नंबरची, दोरा पॉलिस्टरचा. बंद जिथे जोडला जातो तिथे आतून जुन्या जीन्सचा चौकोनी तुकडा लावून चौकोन-फुली शिवा. बुधवारच्या बाजारात कांदे-बटाटे घेतल्यावर सगळा भार तिथेच येतो.

हेच कापड कपाटाच्या फळ्यांवर, सिंकखालच्या खणात, प्रवासात चपला ठेवायच्या थैलीला चालतं. गरम भांड्याखाली नको. आणि शिजवलेलं अन्न कधीही थेट यात ठेवू नका, भाजी घरी आणून धुतो तेवढंच ठीक.

बाकीचं थोडक्यात

कात्रणं उरतात. ती दोन सेंटीमीटरच्या आत बारीक करून लोडात भरता येतात, पण नुसतं प्लास्टिक भरलं तर टेकताक्षणी कुरकुर होते. मध्यभागी कात्रणं आणि भोवती जाड थर चिंध्यांचा, असं भरा. लहान मुलांच्या उशा-गाद्यांत नको, गॅसच्या आसपास नको.

बाटलीत प्लास्टिक ठासून विटा करतात, त्यांची बैठी स्टुलं होतात. एक लिटरच्या बाटलीत निदान ३३० ग्रॅम भरायला हवं, तरच ती वजन पेलते. कळकाच्या काडीने ठासत बसलं की हात भरून येतो. माझं मत विचाराल तर, विकता येणारी बाटली न विकल्या जाणाऱ्या कचऱ्यात कायमची अडकवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. शाळेत मुलांना प्रकल्प करायचा असेल तर सात बाटल्या षटकोनात घट्ट बांधून एक स्टूल करावं आणि ते सावलीत ठेवावं.

द्राक्षांचे पारदर्शक डबे मात्र जपून ठेवा. त्यांना आयती भोकं असतात. मिरची-टोमॅटोची रोपं उगवायला त्याहून चांगली पेटी विकत मिळत नाही.

प्लास्टिक कढईत वितळवून वाळू घालून फरशा करायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. ते घरी करायचं काम नाही. तापमानावर ताबा नसतो, धूर थेट नाकात जातो आणि वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटलं की सुटत नाही. तसंच बंबाचं. अजूनही काही वाड्यांत आंघोळीचं पाणी तापवताना पेटवायला म्हणून पिशव्या बंबात जातात. त्याचा धूर घरातच आणि शेजारच्या खिडकीतच राहतो.

किती टिकतं, आणि मग पुढे काय

उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. गच्चीवर कायम ठेवलेली प्लास्टिकची वस्तू वर्ष-दोन वर्षांत भुगा होऊ लागते, आणि तो भुगा वेचता येत नाही. म्हणून कुंड्या, छत, झोपाळा असलं काही या कापडाचं करू नका. घरात किंवा सावलीत वापरलं तर बस्कर आणि पिशवी दोन्ही काही वर्षं सहज जातात. धुताना गार पाणी, साधा साबण. वॉशिंग मशीन नको, घर्षणाने बारीक तंतू सुटतात.

बस्कराची एखादी पट्टी झिजली तर तेवढीच दाभणाने ओढून काढा आणि त्याच वाटेने नवी घाला. दोरा तुटला तर मात्र ते उसवून दोरा ओल्या कचऱ्यात, पट्ट्या सुक्या कचऱ्यात. सुतळी प्लास्टिकची असेल तर दोन्ही सुक्यातच. पिशवी फाटली तर जीन्सचा तुकडा आणि शिवण कापून काढा. उरलेलं कापड सगळं पॉलिथिनच असल्याने ते दुधाच्या पिशव्यांच्या गठ्ठ्यात घालून भंगारवाल्याला विचारून बघा. नाही घेतलं तर घंटागाडीत सुक्या बाजूला टाका, धुऊन, वाळवून आणि काड्या-कागदात न मिसळता.